सहा महिन्यांपर्यंत निरोगी

सिकलसेलचा आजार घेऊन आलेले बाळ जन्मताना इतर कोणत्याही बाळासारखेच असते. वजन ठीक, रंग ठीक. दूध पिते, हसते, अंग धरते. आईवडिलांना शंका यावी असे काही दिसत नाही. पाचवा-सहावा महिना उलटतो आणि एखाद्या दिवशी हातापायांची बोटे टम्म सुजतात. बाळ कळवळून रडू लागते, कशानेच शांत होत नाही. तिथून पुढे दुखण्यांची रांग लागते. हाडांत कळा येतात, डोळे पिवळे होतात, ताप वरचेवर येतो, प्लीहा एकाएकी सुजून रक्त झपाट्याने उतरते. काही मुलांना तर शाळेत जाण्याच्या वयात पक्षाघाताचा झटका येतो.

जनुकातला दोष गर्भधारणेच्या क्षणापासून असतो. मग सुरुवातीचे हे महिने बाळाला कोण सांभाळते? न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये याचे उत्तर सुचवले. नवजात बाळांच्या रक्तात कोयत्याच्या आकाराच्या पेशी फारच थोड्या सापडतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे वेगळे हिमोग्लोबिन असते, तेच त्याला वाचवत असावे, असा त्यांचा अंदाज होता. गर्भातले हे हिमोग्लोबिन जन्मानंतर हळूहळू कमी होते, त्याची जागा मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन घेते, आणि दोष असतो तो या दुसऱ्यात.

वॉटसन यांच्या हाताशी सूक्ष्मदर्शक होता आणि नीट पाहण्याची सवय होती. डीएनएची रचना उलगडायला अजून पाच वर्षे होती. तरीही आज जगात सर्वाधिक चर्चा होते त्या जनुकोपचाराचे मूळ त्यांच्या या निरीक्षणात आहे, असे मला ठामपणे वाटते.

आता आजाराकडे वळू. शिकागोत दंतवैद्यक शिकायला आलेल्या ग्रेनाडा बेटावरच्या एका तरुणाच्या रक्तात १९०४ मध्ये लांबट, वाकड्या पेशी दिसल्या. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्यांचे वर्णन छापले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि हार्वे इटानो यांच्या गटाने दाखवले, की या रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे आहे. एका रेणूतल्या फरकामुळे सगळा आजार होतो, हे विज्ञानाने पहिल्यांदा इथे पाहिले. पुढे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक नेमका कुठे आहे, तेही शोधले. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत अल्फा आणि बीटा या साखळ्यांच्या दोन-दोन प्रती असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. डीएनएच्या भाषेत पाहिले तर फक्त एक अक्षर बदललेले असते.

या बदलाने हिमोग्लोबिनला एक वाईट खोड लागते. ऑक्सिजन देऊन झाला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे ताठ धागे बनतात. लवचीक गोल पेशी वाकडी, टणक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. रुग्णाला होणाऱ्या असह्य वेदना यातून येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांत मरते. म्हणून रक्त सतत कमी.

बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आजाराची गोष्ट जवळची आहे. तिथेही दोष बीटा साखळीच्याच जनुकात असतो, पण साखळी चुकीची बनण्याऐवजी फारच थोडी बनते किंवा बनतच नाही. जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि पेशी अस्थिमज्जेतच मरतात. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्या रक्तातून येणारे लोह हृदयात आणि यकृतात साठते, म्हणून ते काढायची औषधेही रोज घ्यावी लागतात. भारतात दरवर्षी अशी सुमारे १० ते १२ हजार मुले जन्माला येतात. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीतल्या कितीतरी घरांना या आजाराची ओळख आहे. लोहाणा आणि पंजाबी समाजांतही तो जास्त आढळतो.

महाराष्ट्रात सिकलसेल आहे तो मुख्यतः विदर्भात आणि सातपुड्यात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट, तिकडे नंदुरबार. आदिवासी समाजांत तो आहे, तसाच विदर्भातल्या अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. तिथल्या आरोग्य केंद्रात ‘ए.एस.’ म्हणजे वाहक आणि ‘एस.एस.’ म्हणजे पीडित ही भाषा आशाताईंपासून सगळ्यांच्या तोंडी आहे. ए.एस. माणसाला सहसा त्रास नसतो. उलट मलेरिया त्याच्या जिवावर सहजासहजी बेतत नाही, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. जंगलपट्ट्यात हे जनुक टिकले ते यामुळे. पण नवरा-बायको दोघेही ए.एस. असले, की प्रत्येक गरोदरपणात बाळ एस.एस. होण्याची शक्यता चारात एक असते. त्यात कुणाचा दोष नाही. आईचाही नाही. हे घराघरांत पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण दोष अजूनही सुनेच्याच माथी मारला जातो.

दोन्ही आजार रक्ताचे आहेत आणि रक्त कुठे तयार होते ते आपल्याला माहीत आहे. अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी बनतात. त्या सगळ्यांच्या मागे थोड्याशा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. टोरांटोत अर्नेस्ट मॅकुलक आणि जेम्स टिल यांनी १९६१ मध्ये त्यांचे अस्तित्व सिद्ध केले. या पेशींचे दोन गुण जनुकोपचाराच्या कामाचे आहेत. त्या स्वतःसारख्या पेशी आयुष्यभर बनवत राहतात. शिवाय शिरेतून सोडल्या, तरी रक्तातून वाट काढत अस्थिमज्जेत जाऊन स्थिरावतात. मेंदूच्या किंवा हृदयाच्या पेशी बाहेर काढून, दुरुस्त करून परत ठेवता येत नाहीत. रक्ताच्या मूळपेशींबाबत हे शक्य आहे. एकदा त्या दुरुस्त झाल्या, की त्यांच्यापासून निघणारे रक्त कायम दुरुस्त.

दुसऱ्याच्या मूळपेशी देऊन हे आधीपासून होत आले आहे. त्यालाच आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो. थॅलेसेमियासाठी ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होते. अडचण जुळणाऱ्या दात्याची. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक, आणि तेही भावंड असेल तर. शिवाय नव्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. रुग्णाच्याच पेशी वापरल्या तर हे दोन्ही प्रश्न मिटतात.

पहिला प्रयत्न मात्र चुकीच्या मार्गाने झाला. १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले मार्टिन क्लाइन यांनी जेरुसलेम आणि नेपल्स इथे थॅलेसेमियाच्या दोन रुग्णांवर हा प्रयोग केला. त्यांच्याच विद्यापीठाच्या समितीने त्याला मान्यता दिलेली नव्हती. रुग्णांना फायदा झाला नाही. क्लाइन यांना विभागप्रमुखपद सोडावे लागले, सरकारी निधीही गेला. रुग्ण असहाय असला, तरी त्याच्यावर काय करायचे हे एकट्या डॉक्टरने ठरवायचे नाही, हा धडा या शास्त्राला सुरुवातीलाच मिळाला.

मग अडचणी दिसू लागल्या. चांगले जनुक पेशीत पोहोचवायला विषाणूचा वापर करतात. त्यातला आजार करणारा भाग काढून जनुक भरतात, आणि विषाणू ते पेशीच्या डीएनएत नेऊन घालतो. कुठे घालेल ते आपल्या हातात नसते. पॅरिसमध्ये प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवर १९९९ पासून असा उपचार झाला. मुले बरी झाली, जगभर आनंद झाला, आणि नंतर त्यांतल्या काहींना रक्ताचा कर्करोग झाला. विषाणू कर्करोगाशी संबंधित जनुकाच्या शेजारी जाऊन बसला होता. त्यानंतर काही वर्षे सगळ्यांनी पावले जपून टाकली.

पुढे लेन्टिव्हायरस हा तुलनेने सुरक्षित वाहक वापरात आला. २००७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप लेबुल्श आणि मरिना कावाझाना यांच्या गटाने थॅलेसेमियाच्या एका तरुणाला अशा पेशी दिल्या. साधारण वर्षभरात त्याचे रक्त चढवणे थांबले. ऑक्टोबर २०१४ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात १३ वर्षांच्या एका सिकलसेल रुग्णाला हाच उपचार मिळाला. त्याला दिलेल्या बीटा जनुकात मुद्दाम एक छोटा बदल केला होता, त्यामुळे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटत नाहीत.

दुसरा मार्ग वॉटसन यांच्या निरीक्षणातून निघाला. नवे जनुक घालायचेच कशाला? बाळाला सांभाळणारे हिमोग्लोबिन बनवणारे गॅमा जनुक प्रत्येक माणसाच्या ११ व्या गुणसूत्रावर शाबूत असते, फक्त जन्मानंतर बंद झालेले. ते पुन्हा सुरू करता आले तर?

असे होऊ शकते, याचे पुरावे निसर्गातच होते. काही घराण्यांत गर्भातले हिमोग्लोबिन आयुष्यभर जास्त राहते आणि त्या माणसांना काही त्रास होत नाही. सौदी अरेबियाच्या पूर्व भागात सिकलसेलचे असे रुग्ण दिसले, ज्यांचा आजार सौम्य होता आणि ज्यांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर होते. ओडिशातल्या रुग्णांविषयी बिमल कर आणि ग्रॅहम सर्जंट यांनी १९८६ मध्ये जवळपास हेच लिहिले. भारतातल्या सिकलसेलला म्हणूनच बरीच वर्षे ‘सौम्य’ म्हटले गेले. विदर्भाच्या बाबतीत हा शब्द जपून वापरावा असे माझे मत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी तिथल्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा गर्भातले हिमोग्लोबिन जास्त असूनही अनेकांना गंभीर त्रास होत असल्याचे दिसले. सरासरीचा आकडा वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला काही दिलासा देत नाही.

गॅमा जनुक बंद कोण करते, हे कळायला २००८ उजाडले. हजारो लोकांचे डीएनए तपासताना २ ऱ्या गुणसूत्रावरचे बीसीएल११ए हे जनुक समोर आले होते. बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी दाखवले, की या जनुकापासून बनणारे प्रथिनच गॅमा जनुकाला गप्प बसवते. म्हणजे गप्प बसवणाऱ्यालाच रोखायचे! पण बीसीएल११ए शरीरात इतरही कामे करते, त्यामुळे ते सरसकट मोडून चालणार नव्हते. २०१३ मध्ये ऑर्किन यांच्या गटाने, डॅनियल बाउअर यांच्या पुढाकाराने, त्यातला एक छोटासा नियंत्रक तुकडा शोधला. तो फक्त तांबड्या पेशी घडताना कामाला लागतो. तेवढाच तोडला, की बीसीएल११ए तांबड्या पेशींत मंदावते आणि बाकी ठिकाणी नेहमीसारखे चालू राहते. या संपूर्ण कथेतला हा शोध मला सर्वांत सुंदर वाटतो.

तोडायचे साधनही तोवर तयार झाले होते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेन्टिए यांनी २०१२ मध्ये क्रिस्पर-कॅस९ चे तंत्र मांडले. २०२० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. त्याआधीच, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे यांना नॅशव्हिलच्या रुग्णालयात अशा संपादित मूळपेशी दिल्या गेल्या होत्या. सिकलसेलसाठी हा उपचार घेणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या रुग्ण. त्यांनी आपला अनुभव जगापुढे उघडपणे मांडला, त्यामुळे इतर रुग्णांना धीर आला.

हा उपचार एका इंजेक्शनात उरकत नाही. सुरुवातीला काही आठवडे रक्त बदलून वाकड्या पेशींचे प्रमाण उतरवतात. मग प्लेरिक्साफॉर नावाचे औषध देऊन मूळपेशींना मज्जेतून रक्तात आणतात. यासाठी नेहमी वापरले जाणारे दुसरे औषध सिकलसेलमध्ये जिवावर उठू शकते, म्हणून ते टाळतात. यंत्रातून रक्त फिरवून पेशी वेगळ्या काढतात. वजनाच्या दर किलोमागे किमान तीस लाख पेशी परत द्यायच्या असतात, त्यामुळे हे बऱ्याचदा एका फेरीत भागत नाही. पेशी कारखान्यात जातात, तिथे विजेच्या हलक्या झटक्याने त्यांत क्रिस्पर शिरवतात, मग तपासण्या होतात. पेशी परत यायला सहा महिनेही लागू शकतात.

खरी परीक्षा त्यानंतर. नव्या पेशींना जागा हवी, तर मज्जेतल्या जुन्या पेशी काढाव्या लागतात, पेरणीआधी शेत मोकळे करावे तसे. त्यासाठी बुसल्फान हे केमोथेरपीचे जहाल औषध चार दिवस देतात. केस गळतात, तोंडात फोड येतात, प्रतिकारशक्ती शून्यावर येते. मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून अंडपेशी किंवा वीर्य आधी गोठवून ठेवण्याचा सल्ला देतात. संपादित पेशी शिरेतून काही मिनिटांत दिल्या जातात, पण त्या रुजून रक्त बनवू लागेपर्यंत रुग्णाला चार ते सहा आठवडे स्वतंत्र खोलीत काढावे लागतात. २०२४ मध्ये अमेरिकेत याच प्रकारच्या एका वेगळ्या उपचाराच्या चाचणीत एका रुग्णाचा मृत्यू झाला. त्याचे कारण जनुकसंपादन नव्हे, बुसल्फान असावे असे मानले गेले. आमच्याकडे हा उपचार आणायचा तर सगळ्यात जास्त विचार या टप्प्याचा करावा लागेल असे मला वाटते. डीएनए कापणे आता जमते. केमोथेरपीनंतर जंतूंपासून माणूस वाचवणारे वॉर्ड, रक्तपेढ्या आणि अनुभवी परिचारिका मात्र मोजक्याच शहरांत आहेत.

निष्कर्ष मन हरखवणारे आहेत. या उपचाराला ‘कॅसजेव्ही’ हे नाव मिळाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत पुरेसा काळ देखरेखीखाली राहिलेल्या ३० सिकलसेल रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा गंभीर झटका आला नाही. थॅलेसेमियाच्या ३५ पैकी ३२ जणांचे रक्त चढवणे बंद झाले. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला सिकलसेलसाठी आणि पुढच्या महिन्यात थॅलेसेमियासाठी. त्याच ८ डिसेंबरला लेन्टिव्हायरसवर आधारलेल्या ‘लिफजेनिया’लाही अमेरिकेत परवानगी मिळाली. तिच्या वेष्टनावर रक्ताच्या कर्करोगाचा ठळक इशारा छापलेला असतो, कारण सुरुवातीच्या चाचणीतल्या दोघांना तो झाला होता.

आणि किंमत? कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. लिफजेनियाची ३१ लाख डॉलर. जगातले बहुतेक सिकलसेल रुग्ण आफ्रिकेत आणि भारतात आहेत, आणि उपचार सुरू झाला तो श्रीमंत देशांतल्या मोजक्या रुग्णालयांत. ओडिशाच्या रुग्णांच्या रक्तातूनही विज्ञान शिकले, त्यामुळे या उपचारावर त्यांचा हक्क आहे. ही मागणी दयेची नाही.

भारतात काम सुरू झाले आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने सिकलसेलसाठी स्वतःचे क्रिस्पर तंत्र घडवले. त्यातून तयार झालेल्या उपचाराला बिरसा मुंडांचे नाव देऊन ‘बिरसा १०१’ म्हटले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली, आणि उत्पादनासाठी तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचे ठरले. हे अगदीच अनोळखी पाणी नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर रक्ताच्या मूळपेशींतूनच जनुकोपचार झाला आणि २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रक्ताच्या कर्करोगावरचा पेशी-उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केला. २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि अमेरिकेतल्या किमतीच्या काही अंशात तो इथे मिळू लागला. सिकलसेलच्या बाबतीत असे घडणार नाही, असे मानायला मला तरी कारण दिसत नाही.

संशोधकांचे पुढचे लक्ष्य बुसल्फानला पर्याय शोधणे हे आहे. मूळपेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटून फक्त त्याच पेशी दूर करणाऱ्या प्रतिपिंडांवर प्रयोग चालू आहेत. त्याहून धाडसी कल्पना म्हणजे पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, संपादनाचे साहित्य चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून थेट शिरेतून मज्जेपर्यंत पोहोचवायचे. ते साधले, तर हा उपचार जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यात येईल.

तोवर हाताशी काय आहे, तेही पाहायला हवे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणी जन्मतःच झाली, तर त्रास सुरू होण्याआधी पेनिसिलिन आणि न्यूमोकॉकसची लस देऊन बाळाचा जीव वाचवता येतो. दुसरे साधन हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. वेदनेचे झटके ती बऱ्याच प्रमाणात कमी करते, हे १९९५ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाले. ती रक्तात मुख्यतः गर्भातलेच हिमोग्लोबिन वाढवते, म्हणजे अठरा कोटींच्या उपचाराचे काम काही अंशी करते. रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्ततपासणी लागते, पण तिला केमोथेरपीचा वॉर्ड लागत नाही. अहेरीच्या किंवा धडगावच्या मुलासाठी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने शिल्लक असावी आणि रक्त तपासायला त्याच्या आईला शंभर किलोमीटर जावे लागू नये, एवढी व्यवस्था आजच करता येते.